क्लॅरेन्स डीमार : पुन्हा धांवूं लागलेला जुळारी

प्रतिवर्षीं शाळेच्या क्रीडासामन्यांच्या दिवशीं एक देखावा आमच्या दृष्टीस हटकून पडतो. मैदानावर शर्यती चालू असतात, दोरीबाहेर मुलांचा एकच गलका चाललेला असतो, आणि कडेच्या झाडाखालीं चारदोन विद्यार्थी गप्प बसून राहिलेले असतात. कोणास मोठें दुखणें येऊन गेलेलें असतें. कोणाच्या छातींत लहानपणीं कांहीं दोष असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलेलें असतें. कोणी अभ्यासाच्या ओझ्यामुळें खेळ सोडून दिलेला असतो. त्यांस विचारलें, तर आपण पूर्वीं धांवत होतों, एवढेंच ते सांगतात. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पालकांपैकींहि पुष्कळांच्या मनांत तोच विचार येत असेल. एकदां सुटलेली गोष्ट कायमची सुटली, असा आपला सर्वांचाच समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही आज एका परदेशस्थ गृहस्थाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्लॅरेन्स डीमार हा अमेरिकेंतील एक जुळारी होता. छापखान्यांत शिशाचे खिळे एकापुढें एक लावून मजकूर तयार करणें हा त्याचा धंदा. बोस्टन शहरीं दरवर्षीं जी प्रख्यात मॅराथॉन शर्यत होते, ती या जुळाऱ्यानें सात वेळां जिंकली. आणि पायीं धांवणाऱ्या पुरुषांपैकीं दुसऱ्या कोणासहि आजवर ती इतक्या वेळां जिंकतां आलेली नाहीं. तथापि केवळ या सात विजयांसाठीं आम्ही त्याची कथा सांगत नाहीं. त्याच्या पहिल्या व दुसऱ्या विजयांमध्यें अकरा वर्षांचें अंतर होतें. या अवधींत त्यानें धांवणें जवळजवळ सोडून दिलें होतें, आणि जगाच्या दृष्टीनें त्याचें नांव संपल्यासारखेंच होतें. तीं अकरा वर्षें व त्यानंतरचें त्याचें पुनरागमन हाच या चरित्राचा गाभा आहे.

मॅराथॉन शर्यतीची थोडी माहिती येथें देणें इष्ट आहे. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें मॅराथॉनच्या रणांगणावर ग्रीक लोकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला, आणि ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत गेला व वार्ता सांगून गतप्राण झाला, अशी दंतकथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ सालीं अथेन्स येथील पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत प्रथम ठेवण्यांत आली. १९०८ सालीं लंडन येथें जें अंतर धांवलें गेलें, तें म्हणजे २६ मैल ३८५ यार्ड, अथवा ४२ किलोमीटर १९५ मीटर, तेंच पुढें १९२१ सालीं कायमचें ठरलें. बोस्टनची शर्यत १८९७ सालीं सुरू झाली व ती एप्रिल महिन्यांत होते. आमच्या लोकांसहि ही शर्यत अगदींच परकी नाहीं. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे धांवपटू मॅराथॉनसाठीं उतरले होते, आणि त्यांपैकीं बेळगांवच्या चौगुले यांनीं एकोणिसावा क्रमांक मिळविला होता. २००४ सालापासून मुंबईंतहि मोठी मॅराथॉन भरूं लागली आहे.

आतां मूळ कथेकडे वळूं. क्लॅरेन्सचा जन्म ता. ७ जून १८८८ रोजीं ओहायो संस्थानांतील मडीरा या गांवीं झाला. तो आठ वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. आईच्या पदरीं लेंकरें बरींच, आणि मिळकत म्हणावी तर कांहीं नाहीं. लहानगा क्लॅरेन्स सुया, दोरे असले किरकोळ जिन्नस घेऊन आसपासच्या वस्त्यांतून पायीं हिंडून ते विकीत असे. पुढें आई मुलांसह मॅसॅच्यूसेट्स संस्थानांत राहावयास आली, आणि वयाच्या दहाव्या वर्षीं क्लॅरेन्सची रवानगी बोस्टन बंदरांतील थॉम्सन बेटावरच्या एका शाळेंत झाली. तेथें गरीब मुलांस शेतकी व हातचे धंदे शिकवीत असत. चोहोंकडे समुद्राचें पाणी, आई दूर, आणि शिस्त कडक. मुलाला तेथें करमलें नाहीं यांत नवल तें काय! परंतु पुढें ज्यानें त्याला जन्मभर अन्न दिलें, तो मुद्रणाचा धंदा त्याला याच बेटावर शिकावयास मिळाला. खेळांत मात्र त्यानें तेथें कांहीं चमक दाखविली नव्हती. उद्यांचा विजयी वीर आज वर्गांत सर्वांच्या मागें असूं शकतो, हें शिक्षकांनीं व पालकांनीं ध्यानीं ठेवण्यासारखें आहे.

सोळाव्या वर्षीं शाळा सोडून तो व्हर्मांट संस्थानांत एका फळबागाइताकडे काम करूं लागला, आणि नंतर स्वतःच्या कष्टांवर तेथील विश्वविद्यालयांत दाखल झाला. तेथें प्रथम त्याच्या ध्यानीं आलें कीं, आपण फार वेगानें धांवूं शकत नाहीं, परंतु फार वेळ धांवूं शकतों. इतर मुलें जेथें धापा टाकीत थांबत, तेथें त्याचीं पावलें नुकतीं कोठें लयींत येत. माळरानांतून व टेंकड्यांवरून धांवण्याच्या शर्यतींत तो भाग घेऊं लागला. पण घरची परिस्थिति त्याला स्वस्थ शिकूं देईना. आईस आधार हवा होता. १९०९ सालीं विश्वविद्यालय अर्धवट सोडून तो बोस्टनच्या बाजूस परत आला व एका छापखान्यांत नोकरीस लागला.

नोकरी लागली म्हणून त्यानें धांवणें मात्र सोडलें नाहीं. घर आणि छापखाना यांमध्यें कित्येक मैलांचें अंतर होतें. इतर कामकरी गाडींतून जात. डीमार सकाळीं कामावर धांवत जाई व संध्याकाळीं धांवत परत येई. त्यामुळें गाडीभाडें वांचे आणि व्यायामासाठीं निराळा वेळ काढावा लागत नसे. रस्त्यावरचे लोक त्याच्याकडे पाहून हंसत, कारण त्या काळीं मोठा मनुष्य कारणावांचून रस्त्यानें धांवतांना दिसणें ही चमत्कारिक गोष्ट होती. या सरावाच्या बळावर १९१० सालीं तो बोस्टनच्या शर्यतींत उतरला आणि त्यानें एकदम दुसरा क्रमांक पटकाविला.

येथेंच त्याच्या आयुष्यांतील पहिलें संकट उभें राहिलें. शर्यतीपूर्वीं धांवणारांची तपासणी होत असे. डॉक्टरांनीं नळी छातीस लावली, तेव्हां डीमारच्या हृदयाच्या ठोक्यांबरोबर त्यांस एक निराळा, कुजबुजल्यासारखा आवाज ऐकूं आला. त्या काळच्या समजुतीप्रमाणें असा आवाज म्हणजे हृदय दुबळें असल्याचें लक्षण. १९११ सालच्या शर्यतीच्या वेळीं त्याला बजावण्यांत आलें कीं, त्यानें लवकरच धांवणें सोडावें, आणि थकवा वाटूं लागतांच शर्यतींतून बाहेर पडावें. बावीस वर्षांच्या तरुणाच्या मनाची तेव्हां काय स्थिति झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तो त्या दिवशीं धांवला, आणि नुसता धांवला इतकेंच नव्हे, तर २ तास २१ मिनिटें ३९ सेकंदांत सर्वांच्या पुढें येऊन पोंहोंचला. १९०७ सालीं झालेला पूर्वीचा उच्चांक त्यानें जवळजवळ तीन मिनिटांनीं मोडला होता. त्या काळीं बोस्टनच्या शर्यतीचें अंतर सुमारें साडेचोवीस मैलच होतें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

या विजयामुळें १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांसाठीं त्याची निवड झाली. परंतु तेथील अनुभव सुखाचा नव्हता. संघाच्या शिक्षकांनीं सर्व धांवपटूंस एकाच साच्याचा सराव करावयास लाविलें. ज्याची त्याची संवय निराळी, हें त्यांनीं पाहिलें नाहीं, अशी डीमारची तक्रार होती. शर्यतीच्या दिवशीं ऊन भयंकर तापलें होतें. निघालेल्यांपैकीं जवळजवळ निम्मे लोक वाटेंतच थांबले. पोर्तुगालचा तरुण धांवपटू फ्रान्सिस्को लाझारो हा तर रस्त्यांत कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. डीमार बाराव्या क्रमांकानें पोंहोंचला. ज्याच्या कानांत डॉक्टरांचा इशारा घुमत होता, त्याच्या समोर हें मरण घडलें होतें.

मायदेशीं परतल्यावर डीमारनें मॅराथॉन सोडून दिली. यांत त्याच्या हृदयाविषयींची भीति होतीच. पण तेवढेंच कारण नव्हतें. तो मोठा श्रद्धाळू मनुष्य होता व शब्बाथशाळेंत मुलांस शिकवीत असे. शर्यत जिंकून स्वतःचें नांव गाजविणें यांत अहंकार तर नाहीं ना, अशी शंका त्याच्या मनास टोंचूं लागली होती. शिवाय अर्धवट राहिलेलें शिक्षण त्याला पुरें करावयाचें होतें. दिवसा छापखाना आणि नंतर हार्वर्ड विश्वविद्यालयाचे संध्याकाळचे वर्ग, असा क्रम त्यानें चालविला व १९१५ सालीं तेथील एक पदवी मिळविली. बालवीरांच्या पथकाचें कामहि त्यानें अंगावर घेतलें. या वर्षांस वायां गेलेलीं वर्षें म्हणावीं, असें आम्हांस वाटत नाहीं. एखादी प्रिय गोष्ट योग्य कारणासाठीं बाजूस ठेवणें यांतहि पुरुषार्थ आहे. पण बाजूस ठेवलेली गोष्ट विसरली गेली नव्हती. १९१७ सालीं तो पुन्हा एकदां बोस्टनच्या रस्त्यावर दिसला आणि तिसरा आला. त्याच महिन्यांत अमेरिका महायुद्धांत पडली. १९१८ सालीं नेहमींची शर्यत न होतां तिच्या जागीं सैनिकांच्या तुकड्यांची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली.

युद्ध संपलें, आणि डीमार तिशीच्या पलीकडे गेला. त्या काळीं तिशीनंतरचा धांवपटू म्हणजे उतरणीस लागलेला मनुष्य अशी समजूत होती. अशा वेळीं त्यानें पूर्वींचा प्रश्न पुन्हा स्वतःशीं घातला. डॉक्टरांचें म्हणणें खरें असेल, तर गेल्या इतक्या वर्षांत, कष्टाचीं कामें करीत असतां, आपलें हृदय कोठें तरी थांबावयास हवें होतें. तें थांबलें नव्हतें. डीमार पुढें विनोदानें असें सांगत असे कीं, ज्या डॉक्टरानें त्याच्या हृदयांत दोष सांगितला, तो स्वतःच थोड्या काळानें हृदयविकारानें वारला. तेव्हां त्यानें नळींतून स्वतःचेंच हृदय ऐकलें असावें. अहंकाराच्या शंकेचेंहि त्याच्यापुरतें समाधान झालें. ईश्वरानें दिलेली शक्ति वापरणें यांत पाप नाहीं, तिचा ताठा बाळगण्यांत आहे, असें त्यानें मानलें; आणि तो पुन्हा सरावास लागला.

हा सराव कसा असतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. सुटलेलें धांवणें पुन्हा धरणाराचा पहिला शत्रु म्हणजे त्याची स्वतःची आठवण. पूर्वीं आपण अमुक वेगानें धांवत होतों, हें त्याला आठवतें, आणि तो पहिल्याच आठवड्यांत तो वेग गांठूं पाहतो. दम व हृदय कांहीं आठवड्यांत बरेंचसें वळणावर येतें. परंतु पायांचे स्नायुबंध आणि हाडें यांस पूर्ववत् बळकट होण्यास पुष्कळ महिने लागतात. दम आहे म्हणून मनुष्य धांवतो, आणि घोटा, गुडघा किंवा नडगी दुखावून घेऊन महिनाभर खाटेवर बसतो. याकरितां प्रथम चालणें, मग चालणें व धांवणें आळीपाळीनें, मग सावकाश धांवणें, असाच क्रम ठेवावा लागतो. ज्या वेगानें धांवतांना शेजाऱ्याशीं बोलतां येईल, तोच आरंभीं खरा वेग. अंतर थोडथोडें वाढवावयाचें, आठवड्यांतून एकदां लांबचा पल्ला घ्यावयाचा, आणि मध्यें विश्रांतीचे दिवस ठेवावयाचे. मॅराथॉनमध्यें सुमारें अठरा ते वीस मैलांपुढें शरीरांतील सांठविलेली शर्करा संपत येते व पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. बोस्टनच्या वाटेवर न्यूटन गांवच्या टेंकड्या नेमक्या याच सुमारास येतात. तेथें निभावण्याची तयारी एका दिवसांत होत नाहीं. ती महिन्यांमागून महिने केलेल्या संथ धांवण्यानेंच होते.

डीमारपाशीं अशी संथ चिकाटी विपुल होती. खिळे जुळविण्याचें काम ज्यानें वर्षानुवर्षें केलें, त्याला एक एक अक्षर लावून पान पुरें होतें हें निराळें सांगावें लागत नाहीं. पूर्वींप्रमाणेंच त्यानें कामावर धांवत जाण्यायेण्याचा परिपाठ ठेवला. असा क्रम चालतां चालतां एका आठवड्यांत त्याचे कधीं कधीं शंभर मैल भरत. त्याला पगारी शिक्षक नव्हता व सरावासाठीं मिळणारी रजाहि नव्हती. पाऊस असो, बर्फ असो, छापखाना उघडतच असे, आणि म्हणून सरावहि होतच असे.

ता. १९ एप्रिल १९२२ रोजीं, पहिल्या विजयानंतर अकरा वर्षांनीं, तेहतीस वर्षांचा डीमार पुन्हा बोस्टनच्या शर्यतींत उभा राहिला. त्या दिवशीं त्याच्या मागें राहून दुसरा आलेला विली रिटोला हा कांहीं साधा गडी नव्हता. दोनच वर्षांनीं याच रिटोलानें पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें दहा हजार मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. डीमारनें २ तास १८ मिनिटें १० सेकंदांत शर्यत संपविली. आदल्याच वर्षीं झालेला उच्चांक त्यानें मोडला, आणि बाविसाव्या वर्षींच्या आपल्याच वेळेहून तो साडेतीन मिनिटांनीं पुढें गेला. १९२३ सालीं तो पुन्हा जिंकला. १९२४ सालीं शर्यतीचें अंतर वाढवून आरंभस्थान हॉपकिंटन गांवीं नेण्यांत आलें, तेव्हांहि तोच पहिला आला. वर्तमानपत्रें त्याच्या नांवाशींच शर्यतीचें नांव जोडून त्याला मिस्टर डी-मॅराथॉन म्हणूं लागलीं.

१९२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत तो अमेरिकेच्या वतीनें धांवला व २ तास ४८ मिनिटें १४ सेकंदांत तिसरा येऊन त्यानें कांस्यपदक मिळविलें. पहिला आलेला फिनलंडचा अल्बिन स्टेनरूस हाहि पस्तीस वर्षांचा होता. बारा वर्षांपूर्वीं स्टॉकहोमच्या उन्हांत जें अपुरें राहिलें होतें, तें पॅरिसमध्यें असें पुरें झालें.

यानंतर सारेंच सुरळीत चाललें असें नाहीं. १९२५ सालीं बोस्टनला तो दुसरा आला, १९२६ सालीं तिसरा. आतां याचे दिवस भरले, असें लोकांस वाटूं लागलें. डीमारनें त्याची पर्वा केली नाहीं. १९२७ सालीं शर्यतीचें अंतर प्रथमच पूर्ण २६ मैल ३८५ यार्ड करण्यांत आलें, आणि त्या दिवशीं उकाडाहि असह्य होता. कित्येक तरुण धांवपटू, आदल्या वर्षींचा विजेता धरून, वाटेंत गळाले. अडतीस वर्षांचा जुळारी मात्र सावकाश, एकसारख्या पावलांनीं येऊन पहिला झाला. १९२८ सालींहि तो पहिला आला. आणि १९३० सालीं, एक्केचाळीस वर्षें पुरीं झालेलीं असतां, २ तास ३४ मिनिटें ४८ सेकंदांत त्यानें सातव्या वेळीं बोस्टनची शर्यत जिंकली. इतक्या मोठ्या वयाचा विजेता तेथें त्यापूर्वीं झाला नव्हता व त्यानंतरहि झालेला नाहीं.

हा मनुष्य थकत कसा नाहीं, याचें शास्त्रज्ञांसहि कुतूहल वाटूं लागलें. हार्वर्ड विश्वविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत त्याला फिरत्या पट्ट्यावर धांवावयास लावून त्याचें रक्त तपासण्यांत आलें. श्रमानें रक्तांत दुग्धाम्ल नांवाचें द्रव्य वाढतें. ज्या वेगानें धांवतांना सामान्य मनुष्याच्या रक्तांत तें पुष्कळ वाढे, त्याच वेगानें डीमार धांवला असतां त्याचें प्रमाण विश्रांतीच्या वेळेहून फारसें निराळें होत नसे. वर्षानुवर्षांच्या संथ सरावानें शरीर श्रमाशीं किती जुळवून घेऊं शकतें, याचें तें एक प्रत्यक्ष प्रमाण होतें.

डीमार हा सर्वगुणसंपन्न होता, असें चित्र काढून आम्ही वाचकांस फसवूं इच्छीत नाहीं. त्याचा स्वभाव तापट होता. शर्यतींत प्रेक्षकांनीं वाटेंत यावें, अंगावर पाणी ओतावें, हें त्याला मुळींच खपत नसे, व कित्येकदां त्याचा हातहि उगारला जाई. बोलणें तुटक व स्पष्ट असल्यामुळें पुष्कळ लोक त्याच्यावर नाराज असत. परंतु त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. त्या काळीं हौशी धांवपटूंस शर्यतीचे पैसे मिळत नसत. घड्याळें, पेले व पदकें यांवर पोट भरत नाहीं. तें छापखान्यांतील मजुरीवरच भरावें लागे. पुढें न्यू हँपशायर संस्थानांतील कीन येथील अध्यापनशाळेंत तो मुद्रणकला व उद्योगधंद्यांचा इतिहास शिकवूं लागला. चाळिशीच्या सुमारास त्याचा विवाह झाला व त्याला पांच मुलें झालीं. १९३७ सालीं त्यानें मॅराथॉन याच नांवानें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. आयुष्याच्या उत्तरभागांत बोस्टनजवळ रीडिंग येथें थोडी शेती व छापखान्यांतील काम असा त्याचा संसार चालला होता.

जिंकणें संपलें, पण धांवणें संपलें नाहीं. पहिल्या दहांत, मग पहिल्या विसांत, मग पन्नासांपलीकडे, असा त्याचा क्रमांक वर्षागणिक मागें सरत गेला. तरी त्याला त्याची लाज वाटली नाहीं. ज्या रस्त्यावर लोकांनीं त्याला सात वेळां पहिला येतांना पाहिलें, त्याच रस्त्यावर पोराटोरांच्या मागून येणें त्यानें आनंदानें पत्करलें. आमच्या मतें हा त्याचा आठवा विजय होय. १९५४ सालीं पासष्टाव्या वर्षीं तो बोस्टनची मॅराथॉन शेवटची धांवला. १९५७ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, कर्करोगानें शरीर पोंखरलें असतांहि तो पंधरा किलोमीटरच्या एका शर्यतींत उतरला. ता. ११ जून १९५८ रोजीं, सत्तर वर्षें पुरीं झाल्यावर चौथ्या दिवशीं, त्याचें देहावसान झालें. कीन येथें १९७८ सालापासून त्याच्या नांवानें मॅराथॉन शर्यत भरूं लागली.

आतां त्या हृदयाची गोष्ट सांगावयाची राहिली. बाविसाव्या वर्षीं जें हृदय दुबळें ठरविण्यांत आलें होतें, त्याची मरणोत्तर तपासणी झाली, आणि जेम्स करन्स व पॉल डडली व्हाइट या दोन डॉक्टरांनीं तिचा वृत्तांत १९६१ सालीं एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापला. व्हाइट हे हृदयरोगांच्या बाबतींत अमेरिकेंतील अग्रगण्य डॉक्टर; राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यावरहि त्यांनींच उपचार केले होते. त्यांना असें आढळलें कीं, डीमारच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणी सामान्य माणसाच्या रोहिणींच्या दुप्पट ते तिप्पट रुंद होत्या. वयोमानाप्रमाणें त्यांत थोडा कठीण थर सांचला होता, पण मार्ग इतका प्रशस्त कीं, रक्तास अडथळा म्हणून नव्हता. तो मृत्यु पावला तो कर्करोगानें; हृदयानें त्याला अखेरपर्यंत दगा दिला नाहीं. आज डॉक्टर लोक जाणतात कीं, दीर्घ सरावानें हृदय मोठें होतें, नाडी मंद चालते, आणि पुष्कळ निरोगी धांवपटूंच्या छातींत तसा निरुपद्रवी आवाज ऐकूं येतो. १९११ सालीं हें ज्ञान नव्हतें. त्या डॉक्टरांनीं दुष्टपणा केला नाहीं. त्यांस जेवढें माहीत होतें, तेवढें त्यांनीं सांगितलें.

यावरून कोणीं असा अर्थ काढूं नये कीं, डॉक्टरांचें ऐकूं नये. एका मनुष्याचें हृदय हा सर्व मनुष्यांचा नियम नव्हे; डीमारच्या रोहिणी जन्मतःच किती रुंद होत्या आणि धांवण्यानें किती झाल्या, हें कोणास सांगतां येणार नाहीं. शिवाय त्याच्यापुढें लाझारोचें उदाहरण होतें, तसें तें आपल्याहिपुढें असावें. ज्याच्या हृदयांत खरोखरच विकार आहे, त्यानें साहस करणें हें शौर्य नव्हे. आज हृदयाचा आलेख काढतां येतो, त्याचें चित्र पडद्यावर पाहतां येतें. पूर्वीं नुसत्या कानावर जें ठरत असे, तें आतां पुष्कळ खात्रीनें ठरवितां येतें. म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, दहा वर्षांपूर्वीं कोणीं तरी दिलेला निर्णय मुलाच्या गळ्यांत जन्माचा ताईत म्हणून बांधूं नये. तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावें. आणि हरकत नाहीं असें ठरलें, तर त्याला झाडाखालून उठूं द्यावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं आमचें सांगणें असें. आजार, गरिबी, अभ्यास, घरची अडचण यांमुळें आवडीची गोष्ट कधीं कधीं खालीं ठेवावी लागते. डीमारनें ती ठेविली, आणि त्या वर्षांत त्यानें आईस आधार दिला, विद्या मिळविली, मुलांस शिकविलें. परंतु वेळ येतांच ती गोष्ट उचलावयास तो लाजला नाहीं, आणि उचलल्यावर पहिल्याच दिवशीं पूर्वींइतकें धांवण्याचा हट्टहि त्यानें धरला नाहीं. घरापासून कामापर्यंत व कामापासून घरापर्यंत, इतकाच त्याचा आखाडा होता. तुमचें घर शाळेपासून मैल दीड मैल असेल. पुढील क्रीडासामन्यांस अजून बराच अवकाश आहे. वैद्यांची संमति घेऊन, वडील मंडळींस सांगून, उद्यां सकाळीं त्या वाटेनें अर्धें अंतर चालत व अर्धें हळूहळू धांवत या. कितवा क्रमांक आला हें आम्ही विचारणार नाहीं. दोरीच्या आंत तुमची जागा आम्ही राखून ठेवूं.